शेअर्ड गिट रेपोचा इतिहास कुणी पुसू नये म्हणून काय काय करायचं

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) नवीन शिकणाऱ्याला एक मेसेज हमखास दिसतो: पुश (आपलं काम सर्व्हरवरच्या रेपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या साठ्यात, पाठवणं) रिजेक्ट झालं, नॉन-फास्ट-फॉरवर्ड. मग तो मेसेज जसाच्या तसा सर्च करायचा, कुठेतरी उत्तर सापडतं की मागे --फोर्स लावा, लावलं की पुश होतं आणि माणूस खुश होऊन चहाला जातो. तोपर्यंत टीममधल्या दुसऱ्या कुणाचं तरी दोन दिवसांचं काम मेन ब्रांचवरून, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य शाखेवरून, गायब झालेलं असतं. आता यात त्या नवीन मुलाला शिव्या घालून काही उपयोग नाही, कारण गिटने त्याला ते करू दिलं आणि सर्व्हरनेही करू दिलं, मग त्याला कळणार कसं?

म्हणून आधीच सांगतो, ग्रुपवर "कृपया कुणीही फोर्स पुश करू नये" असा मेसेज टाकणं म्हणजे काहीच न करण्यासारखं आहे. मेसेज वर सरकत जातो, नवीन माणूस येतो तेव्हा त्याला तो दिसतही नाही. नियम सर्व्हरवर लावायचा, म्हणजे कुणी चुकून केलं तरी सर्व्हरच नाही म्हणेल. काम अर्ध्या तासाचं आहे, खाली सगळं क्रमाने लिहितोय. बी.ई.च्या प्रोजेक्टचा चार जणांचा ग्रुप असो नाहीतर ऑफिसातली वीस जणांची टीम, पायऱ्या त्याच.

एक सूचना: कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. टिंब, हायफन आणि स्पेस जिथे दिसतील तिथेच द्या. लांबलचक सेटिंगच्या नावांत कॅपिटल-स्मॉलची काळजी नको, गिटला तिथे फरक पडत नाही.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल

गिटमधल्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे एकेका नोंदवलेल्या बदलात, काय असतं? त्या वेळच्या फाइल्सची अवस्था, आधीच्या कमिटचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण), कुणी केलं, कधी केलं आणि मेसेज. या सगळ्याचा मिळून एक चाळीस अक्षरी हॅश बनतो. यातलं काहीही बदललं, अगदी मेसेजमधला स्वल्पविराम जरी बदलला तरी हॅश नवीन, आणि त्याच्यावरच्या सगळ्या कमिटमध्ये आधीच्याचा हॅश असल्यामुळे त्यांचेही हॅश नवीन. म्हणजे जुनी कमिट "बदलता" येतच नाही. अमेंड करा (शेवटची कमिट दुरुस्त करणं), रिबेस करा (कमिट उचलून दुसऱ्या जागेवरून पुढे मांडणं), स्क्वॉश करा (अनेक कमिटची एक करणं), गिट दरवेळी नवीन कमिट बनवतं आणि जुनी तशीच बाजूला पडून राहते.

आणि ब्रांच म्हणजे काय तर फक्त एक पॉइंटर. एक छोटी फाइल, तिच्यात चाळीस अक्षरी हॅश, बास. तुम्ही पुश करता तेव्हा सर्व्हरवरच्या मेन नावाच्या पॉइंटरला सांगता की आता इथून तिकडे सरक. नवीन जागा जुन्या जागेच्याच पुढे असेल, म्हणजे जुन्या कमिटवरूनच पुढे वाढलेली असेल, तर त्याला फास्ट-फॉरवर्ड म्हणतात आणि त्यात कुणाचं काही हरवत नाही. नवीन जागा भलत्याच फांदीवर असेल तर मधल्या कमिट कुणाच्याच पॉइंटरखाली राहत नाहीत, लॉगमध्ये दिसत नाहीत, आणि इतिहास पुसला गेला असं आपण म्हणतो ते यालाच.

आता गंमत बघा. साधं पुश केलं की तुमचंच गिट बघतं की हे फास्ट-फॉरवर्ड नाही आणि तिथल्या तिथे थांबवतं. --फोर्स दिलं की ते बघणं सोडून देतं आणि सर्व्हरला विनंती पाठवतं. साधा बेअर रेपो (ज्यात फक्त इतिहास असतो, कामाच्या फाइल्स उघडलेल्या नसतात) असलेला सर्व्हर डिफॉल्टने ही विनंती मान्य करतो, त्याची स्वतःची काही हरकत नसते. म्हणजे जी काही सुरक्षा दिसते ती तुमच्या लॅपटॉपवर आहे, आणि लॅपटॉपवरची सुरक्षा एका शब्दात बंद होते.

तोही एकच शब्द नाही बरं का. ब्रांचच्या नावाआधी अधिक चिन्ह लावलं, म्हणजे गिट पुश ओरिजिन +मेन (ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरचा रेपो), तरी तो फोर्सच. --डिलीट देऊन ब्रांच उडवली आणि त्याच नावाने परत पुश केली तरी परिणाम तोच. आणि सगळ्यात वाईट --मिरर, त्यात तुमच्याकडे जे आहे तेच सर्व्हरवर राहतं, तुमच्याकडे नसलेल्या ब्रांच आणि टॅग (एखाद्या कमिटला दिलेलं नाव, जसं व्हर्जन) तिथून उडतात. कुणाच्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये हे सापडलं तर थांबून विचारा की हे इथे का आहे.

असं मोठ्या प्रोजेक्टमध्ये होत नसेल असं वाटत असेल तर नोव्हेंबर २०१३ मधलं जेनकिन्स या बिल्ड ऑटोमेशन प्रोजेक्टचं प्रकरण आहे. गिटहब या गिट रेपो ठेवायच्या वेबसाइटवरच्या त्यांच्या ऑर्गनायझेशनमध्ये कमिटचे अधिकार सढळ हाताने वाटलेले होते, आणि अधिकार असलेल्या एका डेव्हलपरकडून चुकून दीडशेहून जास्त रेपोंवर एकदम फोर्स पुश गेलं. ब्रांचचे पॉइंटर मागे गेले, म्हणजे मधलं काम लॉगमधून नाहीसं. गिटहबच्या सपोर्टची मदत घेऊन त्यांनी ते परत जाग्यावर आणलं. माणूस अनुभवी होता, हेतू वाईट नव्हता, फक्त मधे अडवणारं काही नव्हतं.

पायरी १: कुठल्या ब्रांच सामायिक आहेत ते ठरवा

सगळंच बंद करू नका. स्वतःच्या फीचर ब्रांचवर (एका कामापुरती वेगळी काढलेली ब्रांच) रिबेस करणं, दहा फुटकळ कमिटची एक नीट कमिट करणं ही चांगली सवय आहे, आणि ती ब्रांच रिव्ह्यूसाठी आधीच वर ढकललेली असेल तर मग फोर्स लागतोच. सीमारेषा सोपी आहे: ज्या कमिटवर दुसऱ्या कुणी काम उभं केलंय किंवा करू शकतं ती हलवायची नाही. मेन, डेव्हलप, रिलीजच्या ब्रांच आणि सगळे टॅग या यादीत येतात. दोघं मिळून एकाच फीचर ब्रांचवर काम करत असतील तर तीही तात्पुरती सामायिकच, तिथे एकमेकांना विचारून करा.

फीचर ब्रांचला आपल्या नावाचा उपसर्ग द्यायची पद्धत पाडली तर बघताक्षणी कळतं की ही कुणाची आणि इथे फोर्स चालतो की नाही.

पायरी २: सर्व्हरवर नियम लावा

*तुमचा स्वतःचा सर्व्हर असेल तर*

ऑफिसातल्या एखाद्या लिनक्स मशीनवर बेअर रेपो आणि एसएसएचने (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) सगळे पुश करतात, असा सेटअप अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे आणि त्यात वाईट काही नाही. त्या रेपोच्या फोल्डरमध्ये जाऊन हे द्या:

गिट कॉन्फिग रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ट्रू

गिट कॉन्फिग रिसीव्ह.डिनायडिलीट्स ट्रू

गिट कॉन्फिग कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स ऑलवेज

पहिली ओळ फोर्स पुश अडवते. दुसरी ओळ लोक विसरतात, आणि मग कुणीतरी ब्रांच डिलीट करून त्याच नावाने परत ढकलतो आणि पहिल्या ओळीचा काही उपयोग राहत नाही. दोन्ही लागतातच.

तिसरी ओळ अडवत काही नाही, पण माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. तुमच्या लॅपटॉपवरच्या रेपोत रीफ्लॉग आपोआप चालू असतो, म्हणजे कुठला पॉइंटर कधी कुठून कुठे गेला याची नोंद. पण बेअर रेपोत तो डिफॉल्टने बंद असतो! म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच नोंद नाही. ऑलवेज दिलं की ब्रांचसोबत टॅगचीही नोंद होते. आणि हो, ब्रांच डिलीट झाली की तिचा रीफ्लॉगही तिच्याबरोबर जातो, दुसरी ओळ लावायचं हेही एक कारण.

नवीन रेपो बनवत असाल तर गिट इनिट --बेअर --शेअर्ड असं बनवा, त्यात पहिली ओळ आपोआप लागते. बाकीच्या दोन हाताने द्याव्या लागतात.

या सेटिंगची एक अडचण म्हणजे ती सगळ्या ब्रांचना सरसकट लागू होते, त्यामुळे स्वतःच्या फीचर ब्रांचवरचा फोर्सही बंद होतो. छोट्या टीमला ते चालून जातं. नसेल चालत तर पहिल्या दोन ओळी न देता अपडेट नावाचं हुक (ठरावीक वेळी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) लिहा. रेपोच्या हुक्स फोल्डरमध्ये अपडेट नावाची, एक्झिक्यूटेबल परवानगी दिलेली स्क्रिप्ट ठेवली की प्रत्येक ब्रांच हलायच्या आधी गिट तिला तीन गोष्टी देतं, रेफचं (ब्रांच किंवा टॅगच्या पॉइंटरचं) पूर्ण नाव, जुना हॅश आणि नवा हॅश. रेफ मेन असेल तर बघायचं की नवा हॅश सगळा शून्यांचा आहे का, तसा असेल तर तो डिलीटचा प्रयत्न आहे, नकार द्या. जुना हॅश शून्यांचा असेल तर ब्रांच पहिल्यांदाच बनतेय, जाऊ द्या. एरवी ही कमांड चालवा:

गिट मर्ज-बेस --इज-ॲन्सेस्टर जुना-हॅश नवा-हॅश

जुना हॅश नव्याच्या पूर्वजांत असेल तर ती शून्य परत देते, म्हणजे फास्ट-फॉरवर्ड आहे, नसेल तर एक देते आणि तुम्ही स्क्रिप्टमधून एक्झिट १ करायचं. नकार देताना मेसेजमध्ये कुणाशी बोलायचं तेही लिहा, नुसतं "परवानगी नाही" वाचून नवीन माणूस गांगरतो आणि परत सर्च करत बसतो.

*गिटहबवर असेल तर*

रेपोच्या सेटिंग्जमध्ये रूल्स, त्याखाली रूलसेट्स, तिथे नवीन ब्रांच रूलसेट बनवा. टार्गेटमध्ये डिफॉल्ट ब्रांच घ्या, रिलीजच्या ब्रांच असतील तर त्यांचा पॅटर्नही घाला. मग दोन खुणा हव्यातच: ब्लॉक फोर्स पुशेस आणि रिस्ट्रिक्ट डिलीशन्स. तिसरी म्हणजे मर्जच्या आधी (एका ब्रांचचं काम दुसरीत मिसळायच्या आधी) पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्या अशी विनंती) सक्तीची करायची, ती टीमच्या पद्धतीवर आहे, दोघांच्याच प्रोजेक्टला कधी कधी ती जड होते. आणि सेव्ह करायच्या आधी वरती एन्फोर्समेंट स्टेटस ॲक्टिव्ह आहे ना ते बघा, डिसेबल्ड राहिलं तर नियम नुसता शोभेला.

जुन्या पद्धतीचे ब्रांच प्रोटेक्शन रूल्सही अजून चालतात, २०१५ पासूनचे. त्यात एक खाच आहे, ॲडमिनला ते डिफॉल्टने लागू होत नाहीत. आणि छोट्या टीममध्ये ॲडमिन कोण असतो? सगळेच. म्हणून खाली जी बायपासिंगला परवानगी नको अशी खूण आहे ती करा. रूलसेटमध्ये उलटं आहे, बायपास यादीत ज्यांना घालाल तेच सुटतात, ती यादी रिकामी ठेवा.

फुकट अकाउंटवर प्रायव्हेट रेपो असेल तर मात्र हे नियम लागू होत नाहीत, त्यासाठी पैसे भरलेला प्लॅन लागतो. पब्लिक रेपोला फुकटात मिळतं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लपवण्यासारखं काही नसेल तर रेपो सरळ पब्लिक करा, किंवा गिटलॅबवर जा.

*गिटलॅब आणि बिटबकेट*

गिटलॅबमध्ये डिफॉल्ट ब्रांच मुळातच प्रोटेक्टेड असते, फुकट प्लॅनवरसुद्धा. तरी सेटिंग्ज, रेपॉझिटरी, प्रोटेक्टेड ब्रांचेस इथे जाऊन अलाउड टू फोर्स पुश हा टॉगल बंद आहे ना ते डोळ्यांनी बघा, कधीतरी कुणीतरी "पाच मिनिटांसाठी" चालू केलेला असतो. बिटबकेटमध्ये ब्रांच रिस्ट्रिक्शन्स शोधा, तिथे इतिहास पुन्हा लिहायला परवानगी द्यायची की नाही अशी सरळ खूणच आहे.

पायरी ३: टॅग विसरू नका

ब्रांच सांभाळतात सगळे, टॅग मोकळे सोडतात. खरं तर टॅगचा अर्थच असा की ही जागा आता हलणार नाही, आणि लोक त्याच भरवशावर असतात. पण टॅगसुद्धा पॉइंटरच आहे आणि फोर्स दिला की हलतो.

मार्च २०२५ मध्ये हेच झालं. टीजे-ॲक्शन्सचं चेंज्ड-फाइल्स नावाचं गिटहब ॲक्शन (बिल्डमध्ये आपोआप चालणारा तयार कोड) आहे, तेवीस हजारांहून जास्त रेपो ते वापरत होते. हल्लेखोरांनी त्याचे जुने व्हर्जन टॅग उचलून एका घातकी कमिटवर नेऊन ठेवले. वापरणाऱ्यांनी आपल्याकडे एक ओळही बदलली नव्हती, तेच टॅगचं नाव, पण त्यामागचा कोड दुसरा, आणि तो कोड बिल्डच्या लॉगमध्ये पासवर्ड-टोकन ओतत होता. ज्यांनी टॅगच्या नावाऐवजी पूर्ण चाळीस अक्षरी कमिट हॅश लिहिला होता त्यांच्या पायाखालचा कोड बदलला नाही.

तर दोन कामं. आपल्या रेपोत गिटहबवर टॅगसाठी वेगळा रूलसेट बनवा, त्यात अपडेट आणि डिलीट दोन्ही बंद. गिटलॅबमध्ये प्रोटेक्टेड टॅग्स. स्वतःच्या सर्व्हरवर वरची दुसरी ओळ फक्त ब्रांचचं डिलीट अडवते, टॅग हलवणं किंवा डिलीट करणं अडवायला अपडेट हुकच लागतं, त्यात रेफ टॅगचं आणि जुना हॅश शून्यांचा नाही एवढं दिसलं की नकार. दुसरं काम म्हणजे बाहेरची ॲक्शन्स वापरताना पूर्ण हॅश लिहा, दिसायला कुरूप दिसतं, दिसू द्या.

पायरी ४: नियम खरंच लागलाय का ते तपासा

ही पायरी लोक गाळतात. मेनवर प्रयोग करू नका, चाचणी-लॉक अशी ब्रांच बनवा, गिटहबवर असाल तर तिचं नाव रूलसेटच्या टार्गेटमध्ये तात्पुरतं घाला, अपडेट हुक लिहिलं असेल तर त्याच्या यादीतही. तिच्यावर एक कमिट पुश करा, मग गिट कमिट --अमेंड करून मेसेज बदला आणि --फोर्स देऊन ढकला. नकार आला पाहिजे. मग गिट पुश ओरिजिन --डिलीट चाचणी-लॉक द्या, त्यालाही नकार आला पाहिजे. ॲडमिन असलेल्याने एकदा आणि साध्या मेंबरने एकदा करा, कारण दोघांना वेगळी वागणूक मिळत असेल तर ती इथेच कळते.

आता ती ब्रांच डिलीट होत नाहीये म्हणजे नियम काम करतोय, अभिनंदन, आणि ती काढायची कशी हा प्रश्न. स्वतःच्या सर्व्हरवर रेपोच्या फोल्डरमध्ये जाऊन गिट ब्रांच -डी (मोठा डी) दिलं की जाते, कारण ती बंदी फक्त पुशने येणाऱ्या डिलीटवर आहे. गिटहबवर आधी टार्गेटमधून नाव काढा मग डिलीट करा.

पायरी ५: आपापल्या लॅपटॉपवर

सर्व्हरचं झालं की मग हे. नुसतं एवढंच करून भागणार नाही, कारण हे प्रत्येकाने मनाने करायचं असतं आणि प्री-पुश हुक लावलं तरी --नो-व्हेरिफाय देऊन टाळता येतं, शिवाय क्लोन करताना (रेपोची आपल्या मशीनवर प्रत घेताना) हुक सोबत येतही नाही.

फीचर ब्रांचवर फोर्स लागलाच तर नुसता --फोर्स कधीच नको, --फोर्स-विथ-लीज द्या. गिट १.८.५ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. हा म्हणतो की सर्व्हरवरची ब्रांच मी शेवटची पाहिली तिथेच असेल तरच हलव, मधे कुणी काही ढकललं असेल तर थांब. पण यात एक फट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. "मी शेवटची पाहिली" हे गिट ठरवतं तुमच्याकडच्या ओरिजिनच्या नोंदीवरून, आणि तुमचा एडिटर जर मागे गुपचूप दर काही मिनिटांनी फेच (सर्व्हरवरचं नवीन नुसतं आणून ठेवणं) करत असेल तर ती नोंद ताजी होते, तुम्ही दुसऱ्याचं काम पाहिलेलंही नसतं पण गिटला वाटतं पाहिलंय, आणि लीज पास होऊन त्याचं काम उडतं. म्हणून २.३० मध्ये --फोर्स-इफ-इन्क्लूड्स आलं, ते बघतं की सर्व्हरवरचं जे आहे ते तुमच्या लोकल ब्रांचच्या इतिहासात कधीतरी खरंच येऊन गेलंय का. दोन्ही एकत्र द्यायचे. दरवेळी एवढं कोण टाइप करणार, म्हणून एक उपनाव करून ठेवा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल एलियस.पुशएफ "पुश --फोर्स-विथ-लीज --फोर्स-इफ-इन्क्लूड्स"

मग गिट पुशएफ ओरिजिन आणि पुढे ब्रांचचं नाव, नाव लिहायचा कंटाळा करू नका.

दुसरं सेटिंग:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.एफएफ ओन्ली

याने पुल (सर्व्हरवरचं आणून आपल्या ब्रांचमध्ये घेणं) फक्त सरळ पुढे जाता येत असेल तरच होतं. कुणी मागे इतिहास बदलला असेल तर पुल अडतं आणि तुम्हाला कळतं की काहीतरी गडबड आहे. हे नसेल आणि पुल मर्ज करत असेल तर जुना आणि नवा दोन्ही इतिहास एकमेकांत मिसळतात, तुम्ही तो खिचडा परत वर ढकलता, आणि मग निस्तरायला बसलेल्याची दुपार जाते. आणि फेच करताना ओळीच्या सुरुवातीला अधिक चिन्ह आणि शेवटी फोर्स्ड अपडेट असं दिसलं, ब्रांच मेन असेल, तर तिथेच थांबा आणि आधी विचारा.

चुकीची कमिट मेनवर गेली, आता?

फोर्स करायचा मोह इथेच होतो. चुकीचं काढायचंय, रिसेट करून (ब्रांच जुन्या कमिटवर मागे नेऊन) फोर्सने ढकललं की लॉग स्वच्छ. नको. गिट रिव्हर्ट आणि पुढे त्या कमिटचा हॅश, याने चुकीच्या बदलाचा उलटा बदल करणारी नवीन कमिट बनते, आणि ती साध्या पुशने जाते. सातबाऱ्यावर कसं, जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस होतो आणि नवीन नाव फेरफार क्रमांकासकट चढतं, म्हणजे कधी काय झालं ते पुढच्यालाही दिसतं. तसंच हे.

मर्ज कमिट रिव्हर्ट करायची असेल तर -एम १ द्यावं लागतं, कुठली बाजू मुख्य धरायची ते गिटला सांगायला. आणि त्याची एक भानगड लक्षात ठेवा, ती ब्रांच नंतर दुरुस्त करून परत मर्ज केली तर जुने बदल येत नाहीत, कारण गिटच्या मते ते आधीच आलेत. तेव्हा आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करायचं, मग नवीन दुरुस्ती. ऐकायला विचित्र आहे पण पद्धत तीच.

आणि झालंच असेल तर

सगळ्यांना फोन करा किंवा ग्रुपवर टाका, मेनवर कुणी पुल नको पुश नको. घाबरायचं कारण फारसं नसतं, कमिट अजून कुठे ना कुठे असतात. गरज आहे ती फक्त जुन्या हॅशची, आणि तो मिळायच्या जागा बऱ्याच आहेत.

ज्याने फोर्स केला त्याच्या टर्मिनलवर पुशच्या आउटपुटमध्ये दोन हॅश मधे तीन टिंबं देऊन छापलेले असतात, डावीकडचा जुना. म्हणून त्याला सांगा टर्मिनल बंद करू नकोस, आणि त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. दुसरी जागा म्हणजे ज्याने आधी फेच केलं होतं त्याच्याकडे गिट रीफ्लॉग शो ओरिजिन/मेन. तिसरी, गिटहबवर रेपोचं ॲक्टिव्हिटी पेज, तिथे फोर्स पुश वेगळे दिसतात. स्वतःच्या सर्व्हरवर वरची तिसरी ओळ लावली असेल तर तिथलाच रीफ्लॉग.

हॅश मिळाला की ज्याच्याकडे ती कमिट प्रत्यक्ष आहे त्याने तिच्यावर लगेच ब्रांच बनवायची:

गिट ब्रांच वाचवलेलं जुना-हॅश

गिट पुश ओरिजिन वाचवलेलं

आता काही जात नाही, शांतपणे चहा घ्या. मग बघा दोन्हीत फरक काय:

गिट लॉग --वनलाइन --लेफ्ट-राइट ओरिजिन/मेन...वाचवलेलं

कुणीतरी जुन्या मेनवर काम करून दुसऱ्याच्या दोन-तीन कमिट उडवल्यात एवढंच असेल तर वाचवलेलं ही ब्रांच मेनमध्ये सरळ मर्ज करा, दुसरा फोर्स लागतच नाही. सगळी मेनच रिबेस झाली असेल तर मात्र मर्जने प्रत्येक कमिट दोनदा दिसेल, तिथे नियम थोडा वेळ उघडून मेन जुन्या हॅशवर परत न्यावी लागते आणि मधे आलेलं नवीन काम चेरी-पिक करून (एकेक कमिट निवडून) वर आणावं लागतं. ते एकाच माणसाने करायचं, बाकीच्यांनी बघत बसायचं.

हे महिनाभरात करा. कुठल्याच पॉइंटरखाली नसलेल्या कमिटच्या रीफ्लॉग नोंदी डिफॉल्टने ३० दिवसांनी जातात, बाकीच्या ९० दिवसांनी, आणि नोंद गेली की पुढच्या साफसफाईत कमिटही जाते.

एकच खरा अपवाद

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिट झाली. इथे इतिहास बदलावा लागू शकतो, पण ते दुसरं काम, पहिलं नाही. पहिलं काम म्हणजे ती की लगेच रद्द करून नवीन घेणं, कारण पब्लिक रेपोत गेलेली की कुणीतरी उचललीच असं धरून चालायचं, आणि फोर्क (इतरांनी घेतलेल्या रेपोच्या प्रती) आणि जुन्या पुल रिक्वेस्टमधून ती तुमच्या फोर्स पुशने जात नाही. की रद्द झाल्यावर इतिहासात पडून राहिली तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. लोकांची खासगी माहिती गेली असेल तर मात्र काढावीच लागते, तेव्हा गिट फिल्टर-रेपो हे टूल वापरा, जुनं फिल्टर-ब्रांच नको, गिटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच ते वापरू नका म्हणतं. वेळ आधी जाहीर करा, सगळ्यांचं काम वर ढकलून घ्या, नियम उघडा, बदला, नियम लगेच लावा, आणि मग सगळ्यांनी जुना क्लोन टाकून नवीन घ्यायचा. एकाने जरी जुन्या क्लोनवरून मर्ज करून पुश केलं तर काढलेलं सगळं परत येतं.

बॅकअपबद्दल

बरेच जण दुसऱ्या मशीनवर गिट क्लोन --मिरर करून रोज रात्री अपडेट करतात आणि निश्चिंत झोपतात. मिररचं कामच मुळाबरहुकूम राहणं, त्यामुळे दिवसा मेनवर फोर्स झाला की रात्री मिररवरही तोच होतो. एकतर त्या मिररमध्येही कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स ऑलवेज करून ठेवा, किंवा त्यापेक्षा सोपं म्हणजे आठवड्यातून एकदा बंडल काढा:

गिट बंडल क्रिएट हिशेब-तारीख.बंडल --ऑल

हिशेबच्या जागी तुमच्या रेपोचं नाव आणि तारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख, दर आठवड्याची वेगळी फाइल, जुनीवर नवीन लिहायची नाही. एका फाइलमध्ये अख्खा रेपो येतो, पेन ड्राइव्हवर टाका नाहीतर गूगल ड्राइव्हवर चढवा, आणि लागेल तेव्हा त्या फाइलवरून सरळ गिट क्लोन करता येतं. काढल्यावर गिट बंडल व्हेरिफाय देऊन एकदा तपासा, आणि महिन्यातून एखादी फाइल खरंच क्लोन करून लॉग दिसतोय ना तेही बघून ठेवा.